गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेताय? ४०२ मीटरमध्ये नेमकं काय मोजलं जातं, ते आधी समजून घ्या

वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री साडेबारा-एकनंतरचा एक आवाज चांगलाच ओळखीचा असतो. आधी लांबून गुरगुर, मग एक्झॉस्टचे फटाके आणि काही सेकंदांत सगळं शांत. अंधेरी-बोरिवलीत हा आवाज येतो, तसाच ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून असलेल्या घाटकोपर-मुलुंडमध्येही येतो. दुसऱ्या दिवशी रील पडते: वर चढत जाणारा स्पीडोमीटर, खाली गाणं, आणि कॉमेंटमध्ये एकच वाद, "कुणाची गाडी फास्ट?"

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर हायवेवर मिळूच शकत नाही. ते मिळतं ड्रॅग स्ट्रिपवर. तिथे गाडी कशी मोजली जाते, पहिल्यांदा जाताना काय तयारी लागते आणि तीच शर्यत रस्त्यावर का करायची नाही, हे आज सविस्तर बघूया.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

सरळ पट्टी, दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुरुवात आणि पाव मैल अंतर. पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात साधारण ४०२ मीटर. वळण नाही, लॅप नाही. दहा-पंधरा सेकंदांत खेळ खल्लास.

हा खेळ वाढला तो रस्त्यावरच्या शर्यतींना पर्याय म्हणूनच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे १९५० मध्ये विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून ड्रॅग रेस सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, तिथे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना उभी राहिली. रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना नियमांच्या चौकटीत आणणं हा तिचा एक मोठा हेतू होता.

आपल्याकडेही ड्रॅग रेस बहुतेक वेळा धावपट्टीवर किंवा रेसट्रॅकच्या सरळ भागावर होतात. मुंबईकरांसाठी जवळचं नाव म्हणजे लोणावळ्यापुढची ॲम्बी व्हॅली. तिथल्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाने गाड्या आणि बाइकच्या ड्रॅग रेस झालेल्या आहेत. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था बघते. त्यामुळे कुठल्याही इव्हेंटला नाव देण्याआधी त्याला या फेडरेशनची मान्यता आहे का, हे तपासायचंच.

टाइम स्लिप कशी वाचायची?

रन संपला की हातात एक स्लिप येते. पूर्ण व्यवस्था असलेल्या स्ट्रिपवर तिच्यात साधारण हे आकडे असतात:

- रिॲक्शन टाइम: हिरवा दिवा लागल्यापासून तुमची गाडी हलेपर्यंतचा वेळ. हा गाडीचा नाही, तुमचा आकडा.
- साठ फुटांचा वेळ: पहिले १८ मीटर पार करायला लागलेला वेळ. गाडी किती नीट सुटली, ते हा आकडा सांगतो.
- एकूण वेळ: पूर्ण ४०२ मीटरचा.
- ट्रॅप स्पीड: शेवटच्या साधारण २० मीटरमधला सरासरी वेग.

यातली एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. एकूण वेळेचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरूच होत नाही. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचा एक किरण असतो. पुढचं टायर त्यातून बाहेर पडलं की घड्याळ चालू होतं. म्हणजे तुम्ही दिव्याकडे बघत एक सेकंद झोपलात तरी स्लिपवरचा एकूण वेळ तोच राहील. पण शेजारची गाडी तोवर निघून गेलेली असेल, आणि जिंकतो तो शेवटच्या रेषेवर आधी पोचणारा. म्हणूनच कमी वेळ नोंदवूनही शर्यत हरता येते!

ताकद वाढवली की वेळ किती घटतो?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० चं उदाहरण घेऊ. २०१७ मध्ये भारतात आलेली, २३० अश्वशक्तीची, पुढची चाकं ओढणारी ही गाडी ट्यूनिंगवाल्यांची लाडकी आहे. चालकासकट वजन साधारण दीड टन धरा. ड्रॅगच्या जगात वापरल्या जाणाऱ्या ढोबळ सूत्राने तिचा पाव मैलाचा वेळ येतो सुमारे १४.२ सेकंद, आणि शेवटचा वेग सुमारे १५४ किमी प्रतितास.

आता ट्यूनिंग करून ताकद ३०० अश्वशक्तीवर नेली समजा. ताकद वाढली ३० टक्के. वेळ मात्र येतो साधारण १३ सेकंद, म्हणजे कपात फक्त आठ-नऊ टक्क्यांची. कारण वेळ ताकदीच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तिच्या घनमुळाच्या हिशेबात घटतो. सोप्या भाषेत, वेळ निम्मा करायचा असेल तर ताकद आठपट लागेल.

म्हणून "तीनशे घोडे आहेत" हे वाक्य ऐकायला भारी वाटलं, तरी स्लिपवर त्याचा अर्थ सव्वा सेकंद एवढाच. तोही गाडी नीट सुटली तर!

मग वेळ जातो कुठे? सुटताना!

गाडी जोरात निघते तेव्हा तिचं नाक वर उचललं जातं आणि वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हीच अडचण होते. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के वजन असेल, तर जोरात सुटताना ते ५२ टक्क्यांच्या आसपास येतं. ज्या टायरना पकड हवी, त्यांच्यावरचाच भार कमी. मग टायर जागेवर फिरतात, धूर निघतो, व्हिडिओ मस्त येतो आणि वेळ वाया जातो. मागची किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या इथेच पुढे निघून जातात.

म्हणून पहिल्या दिवशी साठ फुटांचा आकडा सुधारण्यावर लक्ष द्या. सुरुवातीला वाया गेलेले दोन दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत आणखी वाढतात, आणि ते परत मिळवायला पैसे लागत नाहीत, सराव लागतो.

हवेचाही हिशेब असतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडं उंच आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. साध्या इंजिनची ताकद जवळपास तेवढीच घटते, टर्बो असलेलं इंजिन बरंचसं सांभाळून घेतं. पण टर्बोला उष्णता सोसत नाही. रांगेत उन्हात उभी राहून तापलेली गाडी सकाळच्या पहिल्या रनपेक्षा हमखास हळू पळते.

फोनवरचं ॲप खरं सांगतं का?

'० ते १००' मोजणारी फुकट ॲप बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतात. पण साधारण फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच नोंद देतं. ताशी १०० किमी वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. दोन नोंदींमध्ये काय घडलं, ते ॲप अंदाजाने भरतं. अशा मोजणीत दशांश सेकंदावरून भांडण्यात काही अर्थ नाही.

काही ॲप फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरचा आधार घेतात. तिथे वेगळीच गडबड होते. सुटताना गाडीचं नाक फक्त दोन अंशांनी वर झालं, तरी सेन्सर गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग वेगवाढ म्हणून मोजतो. सहा सेकंदांत ही चूक साचून सात किमी प्रतितासाच्या वर जाते.

रीलमधला स्पीडोमीटरही पुरावा नाही. नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्त दाखवलेला चालतो. म्हणून कंपन्या तो जरा चढाच ठेवतात.

त्यापेक्षा वेगळं जीपीएस यंत्र बरं. ड्रॅगी सेकंदाला १० नोंदी घेतं, रेसबॉक्स मिनी २५. दोन्ही ब्लूटूथने फोनला जोडता येतात. आणि या सगळ्यांच्या वर स्ट्रिपवरचा प्रकाशकिरण.

पहिल्यांदा जाताना काय तयारी?

- घरून निघण्याआधी ऑइल, कूलंट, ब्रेकफ्लुइड आणि टायरची तारीख बघा. बॅटरी घट्ट बसलेली हवी. गळती असेल तर तपासणीतच गाडी बाहेर काढली जाते.
- डिकी रिकामी करा. जॅक, बाटल्या, स्पीकर, मॅट, सगळं बाहेर. ब्रेक पेडलखाली गेलेली एक बाटली पुरेशी असते.
- पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, अंगभर कपडे आणि बंद बूट. चपला घालून कुणी रेषेवर उभं करणार नाही.
- टायरवर पाणी घेऊन बर्नआउट करू नका. ते रेसच्या गुळगुळीत टायरसाठी असतं. रस्त्यावरच्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि नेमकं सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं.
- ओढणाऱ्या चाकांत हवा दोन-तीन पीएसआयने कमी करून बघता येईल, पण परत निघण्याआधी ती भरायलाच हवी.
- पहिला रन निम्म्या जोराने करा. पट्टी कुठे संपते, ब्रेक कुठे लावायचा आणि बाहेर कुठून पडायचं, तेवढं शिका.
- रन संपल्यावर दुसऱ्या गाडीच्या पुढून वळू नका. तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावून लगेच इंजिन बंद करू नका, थोडा वेळ चालू ठेवा.

आणि विसरू नका, याच गाडीने परत यायचंय. खंडाळ्याचा घाट, एक्सप्रेसवे, वाशी, मग पुढे घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड किंवा ऐरोलीमार्गे मुलुंड. क्लच आणि ब्रेक तिथेच संपवून आलात तर उतारावर काय कराल?

मग हायवेवरच केलं तर काय बिघडतं?

आता गणित करूया. ३०० अश्वशक्तीची आपली गाडी पाव मैलाच्या शेवटी १६८ च्या वेगात आहे. ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात ४७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला आणखी सुमारे १४० मीटर. म्हणजे शर्यतीचे ४०२ आणि थांबायचे जवळपास १९० मिळून सुमारे ६०० मीटर. बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक उभ्या केल्या, तर त्याहूनही लांब.

एवढा रस्ता पूर्ण मोकळा हवा. रिक्षा नको, कामावरून परतणारा बाइकवाला नको, डिव्हायडर ओलांडणारं माणूस नको, कुत्रंसुद्धा नको. अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड असा रस्ता रात्री तीन वाजताही मिळत नाही. आणि १६८ च्या वेगातल्या गाडीत ६० च्या वेगातल्या गाडीपेक्षा जवळपास आठपट ऊर्जा असते. समोरच्याला चुकायला जागाच उरत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने बाइकला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनीअर गेले. ती शर्यत नव्हती. पण ताकदवान गाडी, रात्रीचा रस्ता आणि वेग एकत्र आले की किंमत बहुतेकदा तिसरंच कुणीतरी मोजतं.

कायदा आणि विमा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणारा १८ च्या आतला असेल तर कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आरसी बुकातल्या माहितीशी न जुळणारे बदल गाडीत करण्यावरही कलम ५२ ची बंदी आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमची नेहमीची कार पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. आयोजित शर्यत आणि वेगचाचणी तिथे स्पष्ट वगळलेली असते. म्हणजे मान्यताप्राप्त स्ट्रिपवरही गाडी ठोकली तर खर्च तुमच्या खिशातून. ईएमआयवर घेतलेली किंवा बाबांच्या नावावरची गाडी असेल, तर ही गोष्ट घरी आधी बोलून घ्या.

थोडक्यात, गाडीची ताकद मोजायची हौस वाईट नाही. तिला मोकळी पट्टी, घड्याळ, थांबायला जागा आणि बाजूला उभी ॲम्ब्युलन्स लागते. शक्य असेल तर पहिली खेप प्रेक्षक म्हणून करा: रांगेत फिरा, लोकांच्या स्लिप बघा, प्रश्न विचारा. ड्रॅगवाली मंडळी माहिती द्यायला कंजुषी करत नाहीत.

तुमच्या ग्रुपमध्ये रात्री हायवेवर "एक रन मारू" म्हणणारा एखादा मित्र असेलच. हा लेख त्याला पाठवा आणि एवढंच विचारा, "तुझा साठ फुटांचा वेळ किती?" उत्तर नसेल, तर त्याची गाडी फास्ट आहे की नाही, हे अजून त्यालाही माहीत नाही.