‘बॉलिंग भारी आहे, पण उंची कमी आहे’: बुटका फास्ट बॉलर मोठ्या क्रिकेटमध्ये टिकू शकतो का?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव... कुठल्याही मैदानावर सकाळी जा, एक तरी पोरगा असा दिसतो. उंची पाच फूट चार-पाच इंच, पण बॉल असा टाकतो की समोरचा बॅट खाली आणेपर्यंत स्टंप उडालेला असतो. कॉलेजच्या टीममध्ये तो हिरो असतो. पण विषय जिल्ह्याच्या निवडीचा आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “पोरगं चांगलंय, पण उंची नाही.”

आता प्रश्न असा आहे की हे वाक्य खरं किती आणि सवयीचं किती?

आधी बघू, उंचीचा फायदा नेमका काय?

फायदा असतो, हे मान्यच करावं लागेल. उंच बॉलरच्या हातातून बॉल वरून सुटतो. तो टप्प्यावर जास्त उभ्या कोनात पडतो आणि जास्त उसळतो. चांगल्या लेंथवरचा बॉलही बॅट्समनच्या छातीपर्यंत येतो. उंच माणसाचे हात-पायही लांब असतात, त्यामुळे वेग काढायला मदत होते.

मग बुटक्या बॉलरकडे काय उरतं? त्याचा बॉल खालून सुटतो, त्यामुळे तो टप्पा पडल्यावर कमी उसळतो आणि घसरत आत येतो. बॅट्समनला वाटतं बॉल वर येईल, तो येतो पॅडवर. एलबीडब्ल्यू आणि बोल्ड या दोन विकेट इथे जास्त हाताशी येतात. अट एकच, वेग हवा. वेग नसेल तर हाच बॉल बॅट्समनसाठी आयता ठरतो.

म्हणजे बुटक्या बॉलरला उसळीची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करावी लागते. ती तो करतो का, हे बघायचं असतं.

‘टायनी’ची गोष्ट

हे घडू शकतं याचा पुरावा मुंबईतच आहे. रमाकांत देसाई. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, म्हणून टोपणनाव पडलं ‘टायनी’. आणि काम? भारताचा ओपनिंग फास्ट बॉलर.

1958-59 हा त्यांचा रणजीतला पहिला मोसम. त्यात त्यांनी 50 विकेट काढल्या. लगेच फेब्रुवारी 1959 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. वय 19. वेस्ट इंडिजने 8 बाद 644 धावा कुटल्या, पण त्या डावात देसाईंनी 49 ओव्हर टाकून 4 विकेट घेतल्या. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर त्यांनी इंग्लंडचे पाच जण बाद केले. 1960-61 च्या पाकिस्तान मालिकेत 21 विकेट काढल्या आणि हनीफ मोहम्मदसारख्या चिवट बॅट्समनला चार वेळा माघारी धाडलं.

1968 च्या डुनेडिन कसोटीत तर बॅटिंग करताना बॉल लागून त्यांचा जबडा फ्रॅक्चर झाला. तरी गडी हटला नाही. शेवटच्या विकेटसाठी बिशनसिंग बेदींसोबत 57 धावा जोडल्या. भारताने परदेशात जिंकलेली ही पहिली कसोटी.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. देसाईंची कसोटी कारकीर्द 28 सामने आणि 74 विकेटवर थांबली, आणि शेवटची कसोटी खेळले तेव्हा वय होतं फक्त 28. त्या काळात भारताकडे फास्ट बॉलर मोजकेच, खेळपट्ट्या संथ, आणि सगळा भार याच छोट्या शरीरावर. छोट्या चणीचा बॉलर वेग काढताना शरीर जास्त ताणतो, त्यामुळे त्याला किती ओव्हर टाकायला लावायच्या हा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतही हाच वाद

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. समोर धिप्पाड खेळाडूंची भिंत असते आणि तिच्या पलीकडे बघून त्याला पास द्यायचा असतो. त्यामुळे व्यावसायिक टीम सव्वासहा फुटांच्या आसपासचा गडी शोधतात. रसेल विल्सन सहा फुटांच्या आत होता. 2012 च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर 75 वा लागला. दुसऱ्याच मोसमात त्याने टीमला सुपर बोल जिंकून दिला.

मग सगळे म्हणाले, उंचीला काही अर्थ नाही. 2023 मध्ये जेमतेम पाच फूट दहा इंचांचा ब्राइस यंग थेट पहिल्या नंबरवर निवडला गेला आणि पुढच्या मोसमात दोनच सामन्यांनंतर काही काळ बाकावर बसला.

यातला धडा असा की एका यशस्वी उदाहरणावरून ‘सगळे बुटके चालतात’ असं सिद्ध होत नाही, आणि एकाच्या अपयशावरून ‘कोणीच चालत नाही’ असंही नाही.

मग पारखायचं कसं?

1. भूमिका कोणती? गावसकर आणि तेंडुलकर दोघेही साधारण साडेपाच फुटांचे. बॅटिंगमध्ये त्यांचं काहीच अडलं नाही. फास्ट बॉलिंगमध्ये अडतं, म्हणून तिथे जास्त बारकाईने बघावं लागतं.

2. खरा वेग किती? यासाठी महागडी स्पीड गन लागत नाही. मोबाइलवर सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ बाजूने काढा. बॉल हातातून सुटल्यापासून बॅट्समनपर्यंत किती फ्रेम गेल्या, ते मोजा. दोन्ही क्रीजमधलं अंतर 17.68 मीटर असतं. 36 फ्रेम म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे 106 किलोमीटर, 30 फ्रेम म्हणजे सुमारे 127. हा अंदाज आहे, पण ‘लई फास्ट टाकतो’ यापेक्षा कितीतरी बरा.

3. समोर कोण होतं? टेनिस बॉलवर गल्लीतल्या पोरांना उडवणं वेगळं. लेदर बॉलवर, वयाने मोठ्या आणि तयारीच्या बॅट्समनसमोर विकेट मिळतात का, हे बघा.

4. दुसऱ्या स्पेलमध्ये काय होतं? पहिल्या चार ओव्हर सगळेच जोरात टाकतात. दुपारी परत बॉल हातात दिल्यावर वेग किती उतरला आणि पाठ दुखायला लागली का, हे खरं उत्तर.

5. वय काय? हा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. 14-15 व्या वर्षी काही मुलांची उंची वाढून झालेली असते, तर काहींची नुकतीच सुरू होते. या वयात टेप लावून पोराला बाद करणं म्हणजे पीक उगवायच्या आधीच शेत नांगरून टाकणं.

थोडक्यात काय?

उंची कमी असली की वाट अवघड होते, ती बंद होत नाही. वेग, स्विंग आणि टिकाव या तिन्हींत पोरगा मोठ्यांसमोर उभा राहत असेल, तर त्याला संधी मिळायला हवी. आणि यातलं काहीच नसेल, तर देसाईंचं नाव सांगून त्याला खोटी आशा लावणंही बरोबर नाही. त्याला बॅटिंगकडे किंवा स्पिनकडे वेळेत वळवणं हेही चांगल्या कोचचंच काम.

पुढच्या निवड चाचणीत कोणी म्हणालं, “पोरगं चांगलंय, पण उंची नाही,” तर एवढंच विचारा, “त्याचा दुसरा स्पेल बघितला का?”