पेशींतील प्राचीन पाहुणे आणि स्वमग्नतेचे कोडे

जुन्या वाड्याच्या माळ्यावर पणज्याच्या काळातील दप्तरे पडून असतात. ती कोणी वाचीत नाही आणि कोणी फेकूनही देत नाही. आपल्या पेशींतही असेच एक दप्तर आहे, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. मानवी डीएनएचा पहिला आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे; उलट शरीरातील प्रथिने घडविणाऱ्या मजकुराचा वाटा दोन टक्केही भरत नाही!

हे पाहुणे आले कोठून? रेट्रोव्हायरस या वर्गातील विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएची डीएनए-प्रत तयार करतो व ती यजमानाच्या डीएनएत गुंफून टाकतो. ही उलटी नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधून काढले. लक्षावधी वर्षांपूर्वी असे काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि वंशपरंपरेने आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांतील बहुतेक आता मोडकळीस आलेले आहेत. तथापि सारेच निरुपयोगी नाहीत. गर्भाची वार घडण्यास साहाय्य करणारे सिन्सिटिन हे प्रथिन ही अशाच एका विषाणूची देणगी होय.

पेशी या दप्तरावर रासायनिक मोहोर लावून ते बंद ठेवते. मोहोर सैल झाली की काही भाग जागे होतात. मग शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परका शत्रू समजून सज्ज होऊ शकते. येथेच स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, प्रश्न संशोधकांपुढे येतो.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या मायेचा अभाव हेच तिचे कारण मानले गेले आणि असंख्य मातांना नाहक दोष सोसावा लागला. जुळ्या भावंडांच्या १९७७ सालच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखविले, आणि त्या दोषारोपाचा पाया ढासळला.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना २००५ साली स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूचे पहारेकरी असलेल्या पेशी, उत्तेजित झालेल्या आढळल्या. २०१२ साली इटलीतील संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या रक्तपेशी तपासल्या. प्राचीन विषाणूंपैकी ‘एच’ कुळातील अवशेष त्यांत अधिक जागे होते, तर ‘डब्ल्यू’ कुळातील कमी.

मग कारण सापडले म्हणायचे काय? तसे म्हणता येणार नाही. आगीच्या ठिकाणी बंब नेहमीच दिसतो, म्हणून बंबाने आग लावली असे कोणी म्हणत नाही. विषाणूंचे अवशेष जागे झाल्यामुळे मेंदूची घडण बदलते, की बदललेल्या घडणीमुळे ते जागे होतात, याचा निवाडा व्हावयाचा आहे. म्हणून या अवशेषांचा बंदोबस्त करून स्वमग्नता बरी करण्याची हमी कोणी दिली, तर आईबापांनी आपली पुंजी त्याच्या हाती देऊ नये. अशी सिद्ध झालेली औषधयोजना नाही.

आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. येथे विषाणूंचे नाव निघाले म्हणून लशीवर संशय घेण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लशीमुळे स्वमग्नता होत नाही असेच दिसून आले. उलट गरोदर मातेला रुबेला झाल्यास बाळाला स्वमग्नतेचा धोका वाढतो, हे स्टेला चेस यांनी १९७१ साली दाखवून दिले होते. तेव्हा लस ही येथे रक्षणकर्तीच ठरते.

वाचकहो, बालक हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोलणे लांबले असेल, तर ‘होईल मोठेपणी ठीक’ म्हणून वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लवकर मिळालेले वाचा-उपचार व शिक्षण पुष्कळ साहाय्य करते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हा शाळेचे दार अशा मुलाला हक्काने उघडले पाहिजे. प्रयोगशाळेतील शोध त्यांच्या गतीने होत राहतील. घरातील मूल मात्र आज वाढत आहे, आणि त्याला दोषाची नव्हे, तर आधाराची गरज आहे.