सामाईक आज्ञावलीचे रक्षण : फाइल आणि तिचे स्थान

वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात (स्थापना १९९७) भाषाविज्ञानाबरोबर भाषा-प्रौद्योगिकीचेही अध्यापन होते. अशा अभ्यासात शब्दरूपे ओळखणारी एखादी आज्ञावली एकजण रचतो आणि दहाजण वापरतात. समजा, त्यांपैकी एकाने ‘मुलास’ व ‘मुलाला’ ही रूपे वेगळी मोजणारा नियम स्वतःच्या सोयीसाठी बदलला. आज्ञावली पूर्ववत चालते. परंतु इतरांची कोष्टके त्या दिवसापासून निराळी होतात आणि प्रबंधातील आकडे पुन्हा काढू जाता जुळत नाहीत. यंत्र बंद पडण्यापेक्षा हे अधिक घातक होय, कारण त्याचा बोभाटा होत नाही.

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धती रूढ झाली तेव्हापासून हा प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात डेकसिस्टिम-१० हा संगणक होता. या यंत्रासाठी उत्पादकांनी तयार केलेल्या टॉप्स-१० या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलला तीन अंकांचा रक्षणांक असे : पहिला अंक मालकासाठी, दुसरा त्याच प्रकल्पातील सहकाऱ्यांसाठी, तिसरा इतरांसाठी. ०५७ याचा अर्थ असा की, मालकास सर्व मोकळीक, सहकाऱ्यांस वाचण्याची व चालविण्याची मुभा, इतरांस काहीच नाही. ६ या अंकाने आज्ञावली चालविता येई, पण वाचता येत नसे. व्यापारी आज्ञावलीस ही सोय उपयुक्त खरी. संशोधनात मात्र जी पद्धत वाचता येत नाही तिच्या निष्कर्षांवर विसंबणे कठीणच.

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडत गेलेल्या युनिक्समध्येही मालक, गट व इतर असे तीन वर्ग आढळतात. येथे वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचे १ यांची बेरीज करून अंक ठरतो. (टॉप्स-१० मध्ये अंक वाढला की मोकळीक घटे, येथे नेमके उलट.) ६४४ असा अंक दिला की मालकाखेरीज कोणी फाइलमध्ये लिहू शकत नाही. येथेच पुष्कळांचा समज होतो की रक्षण पुरे झाले.

तसे ते होत नाही. युनिक्समध्ये फाइलचे नाव फाइलमध्ये नसून ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यात नोंदलेले असते. त्यामुळे फाइल पुसून टाकणे वा तिचे नाव बदलणे म्हणजे डिरेक्टरीत लिहिणे होय. फाइलच्या स्वतःच्या अंकाशी त्याचा संबंध नाही. डिरेक्टरी ७७७, म्हणजे सर्वांस खुली असेल, तर ४४४ अंकाची फाइलदेखील कोणीही काढून टाकू शकतो आणि त्याच नावाची आपली फाइल तेथे ठेवू शकतो. पेटीला भक्कम कुलूप असावे आणि पेटीच उचलून नेता यावी, तशातला हा प्रकार. हाच न्याय वरच्या डिरेक्टरीसही लागू पडतो. मुळापर्यंतची प्रत्येक पायरी तपासावी लागते.

यावर ‘स्टिकी बिट’ नावाचा उपाय आहे. तो लावलेल्या खुल्या डिरेक्टरीतून फाइल पुसण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा अधिकार फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक व व्यवस्थापक यांनाच राहतो. तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक जागेस तो योग्य होय. आज्ञावलीसाठी मात्र डिरेक्टरी ७५५ ठेवून तिची मालकी एकाकडेच द्यावी, हे अधिक सरळ. ज्यास बदल हवा त्याने प्रत काढून आपल्या जागेत खुशाल करावा.

तरीही व्यवस्थापकाचा हात कोणताही अंक धरू शकत नाही. आणि मालकही चुकतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला व त्यात आपली ओवी घालू पाहणाऱ्यास बजावले. परंतु बजावण्याने नक्कलकाराची लेखणी थांबतेच असे नाही. भर पडली ती ओळखण्यास जुन्या प्रतीच लागतात. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी रचलेली गिट ही प्रणाली हे ओळखण्याचे काम गणिताने करते. प्रत्येक आवृत्तीची खूण तिच्या मजकुरावरून आणि मागील आवृत्तीच्या खुणेवरून काढली जाते. एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. बदल त्यामुळे रोखला जात नाही, पण लपतही नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात ती खूण नोंदवून त्या आवृत्तीचे भांडार व मूळ शब्दसामग्री जपून ठेवली, तर परीक्षकास तीच आज्ञावली चालवून कोष्टके पडताळता येतात.