डांबरी रॅलीची तयारी : पिंगळीहून माळशेजपर्यंत

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून २४ नोव्हेंबर १९६८ रोजी ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्या मुंबईला पोचल्या तेव्हा ७२ उरल्या होत्या. मुंबई बंदरात त्या ‘चुसान’ या जहाजावर चढवल्या गेल्या, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या आणि पर्थहून पुढचे तीन दिवस जवळजवळ अखंड धावल्या. शेवटपर्यंत टिकल्या ५६. पहिली आली ती हिलमन हंटर, एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने घ्यावी अशी साधी चारदारी गाडी. तिचा चालक अँड्र्यू कोवन हा स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा शेतकरी.

मुंबईत आघाडीवर कोवन नव्हता. रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पहिली होती आणि वेगात तिला तोड नव्हती. ऑस्ट्रेलियात तिच्या इंजिनाने दगा दिला, तेव्हा क्लार्कच्या संघाने आपल्याच दुसऱ्या कॉर्टिनाचं सिलिंडर हेड काढून तिला बसवलं. पुढे डिफरन्शियल गेलं. मग वाटेत भेटलेल्या एका कॉर्टिनावाल्याला गळ घालून त्याच्या गाडीचं डिफरन्शियल उतरवून घेतलं. तासाभराहून अधिक वेळ गेला आणि त्याबरोबर शर्यतही. त्यानंतर आघाडी ल्युसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांच्या सिट्रोएनकडे आली. सिडनी जवळ आलं असताना नाऊराजवळ समोरून आलेल्या एका मिनीवर ती आदळली. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी झोपला होता. तो जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क थांबला, मदत आणायला उलटा फिरला, आणि तरीही दुसरा आला. कोवन मात्र लंडनपासून एकाच हिशेबाने गाडी हाकत होता. रूट्स कंपनीच्या स्पर्धा विभागाचे डेस ओ’डेल यांनी ती गाडी टिकण्यासाठी बांधली होती, आणि गाडीत दोन नव्हे, तीन माणसं होती. कोवन, ब्रायन कॉइल आणि कॉलिन माल्किन आळीपाळीने झोपत होते.

लांब पल्ल्याच्या रॅलीची तयारी म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर मी आजही या शर्यतीपासूनच सुरुवात करीन. आणि ते समजून घ्यायला पिंगळी ही जागा उत्तम आहे, असं माझं ठाम मत आहे.

पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरचं, परभणीला लागून असलेलं स्टेशनाचं गाव. परभणीतून राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो, जुन्या लोकांच्या तोंडी अजून २२२. पश्चिमेला निघालं की मानवत, पाथरी, माजलगाव, गेवराई, पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, मग माळशेज घाट उतरून मुरबाड आणि कल्याण. चारशे किलोमीटरच्या वरचा हा एकच रस्ता. गोदावरी खोऱ्यातली काळी माती, उसाच्या ट्रॉल्या, गावोगावचे गतिरोधक, पठारावरचा वारा आणि अखेरीस सह्याद्रीचा उतार असं सगळं त्यावर आहे. युरोपातल्या डांबरी रॅलीत वेगवेगळ्या टप्प्यांवर जे भेटतं, त्यातलं बरंच इथे एका दिवसात भेटतं.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. नाझिर हुसेन या मुंबईकराने १९८० मध्ये हिमालयन रॅली उभी केली आणि परदेशी संघ भारतात आणले. नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय मालिकेचा भाग म्हणून झाली. पुण्याचे संजय टकले मोटारसायकलवरून मोटारीकडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियात डकार क्लासिकला उतरले. तिथे कोण जोरात गेला हे पाहत नाहीत, ठरवून दिलेल्या सरासरीला कोण चिकटून राहिला ते पाहतात. आणि २०१६ मध्ये महाडच्या कांबळे कुटुंबाची सून भारुलता ब्रिटनहून एकटीने गाडी चालवत महाडला आली. ती शर्यत नव्हती, पण तयारीचा तो मोठा धडा होता.

आपल्याकडच्या राष्ट्रीय रॅल्या मुख्यतः माती-खडीवर होतात. त्यामुळे तयारीची पुस्तकी माहितीही त्याच अंगाने येते. डांबरावरची गाडी वेगळी बांधतात: उंची खाली आणतात, स्प्रिंग कडक करतात, टायर रुंद घालतात, ब्रेक मोठे करतात. युरोपातल्या बंद केलेल्या गुळगुळीत रस्त्यावर हे बरोबर आहे. महामार्ग ६१ वर तशी गाडी आणली, तर ती पहिल्या गतिरोधकावर पोट घासेल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी थोडा थोडा हलतो, कडेचं डांबर लाटांसारखं होतं आणि साइडपट्टी खाली जाते. इथे गाडीची उंची कंपनीने दिली तेवढीच ठेवावी, इंजिनाखाली जाड पत्र्याचं कवच बसवावं आणि सगळा खर्च चांगल्या शॉकअपवर करावा. कडक स्प्रिंग आणि जुने शॉकअप ही जोडी सगळ्यात वाईट. चाक उसळलं की डांबराला धरत नाही, आणि न धरणारं चाक ब्रेक दाबूनही थांबत नाही.

टायरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच करतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होतं, म्हणून रॅलीला निघताना पाचही टायरांवरचे ते आकडे वाचावेत. पाचही, म्हणजे स्टेपनीसुद्धा. हवा थंड टायरमध्ये मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. परभणीचं ऊन पाहता सकाळी मोजलेला दाब आणि दुपारचा दाब यांत मोठं अंतर पडतं. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडायची आणि रात्री कमी दाबावर पळायचं, ही चूक टायर फोडते. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटण्याचे अपघात महाराष्ट्राने पाहिले आहेत. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, तासन् तास एकाच वेगाने धावणं आणि तापलेलं काँक्रीट यांपुढे जुना किंवा कमी हवेचा टायर टिकत नाही. जालन्याला समृद्धीवर चढणाऱ्या परभणीकरांनी हे रॅली सोडूनही लक्षात ठेवावं.

आता ब्रेक. पिंगळीहून निघालेली गाडी दिवसभर सपाटीवर पळते आणि माळशेजचा उतार अगदी शेवटी येतो. त्या वेळी चालक दमलेला असतो, ब्रेकही तापलेले असतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. पाणी शोषलं की तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. मिस्त्रीला ‘ऑइल बघा’ म्हणून भागत नाही, कारण टाकी भरलेली दिसते. जुनं पूर्ण काढून नवं भरून घ्यावं, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्यावी. घाटात मात्र गिअर खाली टाकून इंजिनावर गाडी धरायची. हे एसटीचे चालक वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांच्यामागून एकदा माळशेज उतरून बघावं.

इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था म्हणजे रेडिएटर, कूलंट, फॅन, थर्मोस्टॅट आणि होजपाइप. होजपाइप हाताने दाबून पाहायचे. फुगलेला किंवा भेगाळलेला असला तर बदलायचा. बॅटरीच्या वायरी, हेडलाइट, वायपर, फ्यूज यांची तपासणी एका दुपारचं काम आहे.

हे सगळं ज्यांच्या हातून व्हायचं, ते लोक आपल्याकडे आहेत. मळणीच्या हंगामात शेतात बंद पडलेला ट्रॅक्टर तिथेच उघडून चालू करणारे परभणीचे मिस्त्री रॅलीच्या सर्व्हिस टीमला लागणारं काम रोजच करतात. वीस मिनिटांत क्लचची केबल, दहा मिनिटांत बॉल जॉइंट. त्यांना दोन गोष्टींची सवय लावावी लागेल. एक, प्रत्येक नट ठरलेल्या ताकदीने आवळणं, म्हणजे टॉर्क रेंच वापरणं. दुसरी, काय बदललं ते वहीत लिहिणं. ही वही मला गाडीइतकीच मोलाची वाटते. सामान निवडताना नियम सोपा: जे तुटलं की गाडी जागेवर थांबते आणि जे परभणी-माजलगावच्या दुकानात लगेच मिळत नाही, ते बरोबर घ्यायचं. फॅन बेल्ट, केबल, होजपाइप, एक व्हील बेअरिंग, इंधनाचा फिल्टर, फ्यूज, तार, एम-सील. क्लार्कला रस्त्यात दुसऱ्याच्या गाडीचा भाग मागावा लागला, कारण जवळ नव्हता; आणि तो मिळाला, कारण तशीच गाडी वाटेत भेटली. म्हणूनच गावोगाव दिसणारी गाडी निवडण्यात शहाणपण आहे.

वेगाची शर्यत सोडून बोलायचं, तर सामान्य माणसाला लगेच उतरता येईल अशी रॅली म्हणजे टीएसडी: टाइम, स्पीड, डिस्टन्स. संयोजक रोडबुक देतात. त्यात वळणांची छोटी चित्रं, अंतरं आणि प्रत्येक टप्प्याची सरासरी असते. लपलेल्या चौकीवर लवकर पोचलं तरी दंड, उशिरा पोचलं तरी दंड. २७.६ किलोमीटर ताशी ४६ च्या सरासरीने म्हणजे बरोबर ३६ मिनिटं. हिशेब शाळेतला आहे, पण तो चालत्या गाडीत, दर मिनिटाला, समोर ट्रॉली आडवी आलेली असताना करायचा असतो.

आणि मीटर खोटं बोलतं. सुमारे ६२० मिलिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी पाच मिलिमीटरने झिजली की परीघ साधारण दीड टक्क्याने घटतो. मीटरने १०० किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच गेलेली असते. ताशी ५० च्या सरासरीत हा फरक जवळपास दोन मिनिटांचा होतो, आणि टीएसडीत दोन मिनिटं म्हणजे पराभव. म्हणून संयोजक सुरुवातीला मोजलेलं अंतर देतात, त्यावर गाडी चालवून आपल्या मीटरचा गुणक काढायचा. नवे टायर घातले की गुणक पुन्हा काढायचा.

हे काम नॅव्हिगेटरचं, आणि माझ्या मते संघात पहिली निवड त्याची किंवा तिची व्हावी, चालकाची नंतर. चालत्या गाडीत मान खाली घालून वाचताना ज्याला मळमळत नाही, ज्याचा तोंडी हिशेब पक्का आहे आणि चालक चिडला तरी ज्याचा आवाज चढत नाही, असा माणूस शोधावा. परभणीच्या कृषी विद्यापीठात, महाविद्यालयांत अशा मुली-मुलं नक्की सापडतील. वेगाच्या टप्प्यांसाठी आधी रस्ता पाहून पेस नोट्स, म्हणजे वळणावळणाच्या सूचना, लिहायच्या असतात. त्या मराठीत लिहाव्यात, तोंडात बसलेल्या शब्दांत: ‘शंभर, डावं चार, उतार, पूल अरुंद.’ घाईत कान घरची भाषा आधी पकडतो. दोघांत बोलण्याची रीत आधी ठरवावी. “दादा, तीस सेकंद पुढे आहोत,” एवढंच पुरे; ‘हळू घे’ म्हणायची गरज नाही, तो निर्णय दादाचा.

झोप ही तयारीचाच भाग आहे. निघायच्या आदल्या रात्री गाडीखाली शिरलेला चालक दुसऱ्या दिवशी दुपारी धोक्याचा. १९६८ मध्ये दोन माणसांच्या गाड्या हलक्या आणि वेगवान होत्या, तीन माणसांच्या जड. जड गाडी जिंकली. खाण्याचंही तसंच: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, मीठ-साखरेचं पाणी. ढाब्यावरचं तिखट-तेलकट जेवण घाटाआधी नको.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या राष्ट्रीय रॅलीच्या टप्प्यावर एक मोटारसायकल आली आणि तीन जणांचा जीव गेला. आपल्या गावांत गाडी पाहायला मुलं वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभी राहतात, नेमकी जिथे घसरलेली गाडी जाते. परभणी जिल्ह्यात पहिली रॅली व्हायची तर ती टीएसडीच व्हावी, वाहतुकीच्या मर्यादेतल्या सरासरीने, भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या नियमांखाली, ग्रामपंचायती आणि पोलिसांना महिनाभर आधी सांगून.

काळ कोणता? आषाढ-श्रावणात माळशेजमध्ये दरडी आणि धुकं. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांकडे जातो, गाडीपेक्षा माणसं आधी थकतील. हिवाळ्यात गळीत हंगाम जोरात असतो आणि माजलगाव परिसरात रात्री उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय उभ्या राहतात. उरतो दसरा ते दिवाळीचा काळ. पाऊस सरलेला, ऊस अजून उभा. तेव्हा शेतकरी सोयाबीन रस्त्याच्या कडेला वाळत घालतात, म्हणून पहाटे पाचला निघावं आणि दिवस वर यायच्या आत गेवराई ओलांडावी. त्यासाठी गाडी श्रावणात गॅरेजात जायला हवी. भाद्रपदात टायर आणि ब्रेक पॅड नवे, आणि मग दर रविवारी पिंगळी–नांदेड–पिंगळी फेरी: एकदा दुपारच्या उन्हात, एकदा रात्री, एकदा नॅव्हिगेटरच्या वहीवर. घटस्थापनेनंतर नवा एकही भाग बसवायचा नाही. ज्याने हजारेक किलोमीटर पाहिलेत, तोच माळशेजला न्यायचा.