आमच्या दारातले ध्यान

संस्कृतातला 'ध्यान' हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला, तेव्हा त्याचा 'चान' झाला आणि पुढे जपानात पोहोचल्यावर 'झेन' झाला. तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी हे सांगितले तेव्हा मला हसू आवरेना. कारण पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत आमच्या झेन मोटारीला लोक पहिल्यापासून 'ध्यान'च म्हणत आले आहेत. अर्थात त्यांच्या मनातला अर्थ बौद्ध नव्हे!

गाडी मारुती झेन, १९९६ सालची, साताऱ्याच्या नोंदणीची, रंग मूळचा पांढरा. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) साखर कारखान्यात फिटर आहेत. २०१५ साली बोनसचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी ती जुनी विकत घेतली. कागदोपत्री मालक तेच. परंतु मला परवाना मिळाल्यापासून तिची देखभाल माझ्याकडे आहे. झेन १९९३ साली बाजारात आली आणि २००६ साली ती बनवणे थांबले. माझा जन्म त्याच २००६ सालचा. वाङ्मयीन अंकात मोटारीवर लेख कशाला, असे एका मित्राने विचारले. त्याला एवढेच सांगितले की, ज्या वस्तूविषयी मला खरोखर काही सांगता येईल, अशी वस्तू सध्या तरी ही एकच आहे.

ही गाडी लहान, स्वस्त, काटकसरीची. तरीही जाणकार तिला 'पळणारी गाडी' म्हणतात, हे कसे? तिचे इंजिन ९९३ सी.सी.चे, चार सिलिंडरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे. ५० हा आकडा काही मोठा नाही. पण पूर्वीच्या पद्मिनीशी तुलना करून पाहा. पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे झेनपेक्षा मोठे. शक्ती मात्र ४०च्या आसपास आणि वजन नऊशे किलोच्या घरात. म्हणजे तिथे एका घोड्याला २२ किलोंहून जास्त ओढावे लागे. झेनचे वजन साधारण साडेसातशे किलो. इंजिन ॲल्युमिनियमचे, पत्रा पातळ, आत चैनीची वस्तू एकही नाही. एका घोड्याच्या वाट्याला १५ किलो आले. सारी गंमत या भागाकारात आहे.

हाच भागाकार उलटाही फिरतो. गाडीत चार मोठी माणसे बसली की अडीचशे-पावणेतीनशे किलो वाढले आणि घोड्यामागचा भार २० किलोंवर गेला. मोठ्या मोटारीला चार माणसांचे फारसे काही वाटत नाही. झेनला मात्र लगेच कळते. एकटा असलो की कुंभार्ली घाट ती हसत चढते. मामा, मामी आणि त्यांची गाठोडी बरोबर असली की तोच घाट तिला आठवण करून द्यावी लागते की आपण चढतो आहोत.

दुसरी गोष्ट गिअरची. हे ५० घोडे मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांना हजर होतात. दोन हजार फेऱ्यांवर त्यांतले बहुतेक झोपलेले असतात. आमच्याकडची जुनी ड्रायव्हर मंडळी ॲम्बॅसिडरवर शिकलेली. त्या १४८९ सी.सी.च्या लांब दट्ट्याच्या इंजिनाला सावकाश ओढण्याची सवय होती. लवकर वरचा गिअर टाकावा, पेट्रोल वाचवावे, हा त्यांचा धर्म. तोच धर्म झेनला लावला की ती घाटात गुदमरते, हिसके देते आणि मग 'गाडीत दम नाही' असा निकाल लागतो. तिला वळणाआधीच दुसऱ्या गिअरवर आणावे, इंजिनाला बोलू द्यावे आणि वळण संपता संपता तिसरा टाकावा. पाच गिअरांची ती पेटी इतकी हलकी चालते की हाताला काम वाटत नाही. स्टिअरिंगला मदतनीस यंत्र नाही, त्यामुळे उभी असताना वळवायला जोर लागतो. पण चालत्या गाडीत रस्त्यावरची खडी, ओल, उतार सारे तळहाताला समजते. ताशी ५० किलोमीटरला जेवढी मजा तिच्यात येते, तेवढी माझ्या मित्राच्या नव्या मोटारीत ८०लाही येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. मित्राचे मत अर्थातच वेगळे आहे.

आजारपणांची यादी देत बसत नाही. सकाळी चोक ओढावा लागतो, पूर्ण वळणावर अॅक्सल कटकट करतो, एवढे चालायचेच. एका बाबतीत मात्र आग्रह धरावा. ॲल्युमिनियमचे इंजिन तापले की हेड वाकते. असे असूनही उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला वेळेवर येतच नाही, पेट्रोल जास्त खाते आणि वंगण लवकर बिघडते. रेडिएटर साफ ठेवावा, कूलंट बदलावे, पंखा चालतो की नाही ते पाहावे. थर्मोस्टॅट बिचारा निरपराध असतो.

आता जी गोष्ट मला खरी अवघड वाटते ती सांगतो. २०२५ पासून पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच किलो. म्हणजे मिश्रणात इथेनॉल वाढले की तेवढ्याच हवेबरोबर इंधन जास्त जायला हवे. नव्या गाड्यांत धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि संगणक इंधन वाढवतो. आमच्या गाडीत आहे कार्बुरेटर. त्यातल्या जेटचे छिद्र कारखान्यात पाडले तेवढेच राहते. परिणामी मिश्रण पातळ होते आणि थंड इंजिन मिसिंग मारते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते. पेट्रोलच्या नळ्यांना भेगा पडल्या, तेव्हा मिस्त्रींनी सर्व नळ्या बदलल्या, जेटही बदलला.

आणि हे इथेनॉल येते कोठून? बरेचसे उसापासून. अण्णांचा पगार उसावर, माझी फी उसावर, आणि त्याच उसाचा अर्क आमच्या गाडीचे रबर खातो! अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग काय, कारखाना बंद करायचा?" त्यांचे बरोबरच आहे. इथेनॉलमुळे परदेशी तेल कमी लागते, शेतकऱ्याच्या बिलाला आधार होतो. एका कार्बुरेटरसाठी हे धोरण बदलावे असे मीही म्हणणार नाही.

राहता राहिले कागद. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरील मोटारीला ते १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत उतरायचे तर तळाचा सडलेला पत्रा वेल्डिंग करून घ्यावा लागेल. पाटणच्या पावसाने तो खाल्ला आहे. वर दोन टायर. सगळे मिळून तीस हजारांच्या पुढे जाते, आणि भंगारवाला गाडीचे बावीस हजार द्यायला तयार आहे.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. आमच्या गाडीला धूर शुद्ध करणारे यंत्र नाही, एअरबॅग नाही, आणि पातळ पत्र्याचा जो गुण मी वर वर्णिला तोच अपघातात दोष आहे. पण वाडीला शेवटची एस.टी. साडेपाचला येते. त्यानंतर कोणाच्या पोटात दुखले, कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की आमच्या दारात हाक येते. नवी मोटार आमच्या आवाक्यात नाही. ही गेली तर दारात काहीच राहणार नाही. दुसरीकडे धाकटी बहीण यंदा बारावीला आहे, जूनमध्ये तिला नर्सिंगला घालायचे आहे, आणि तीस हजार हा आकडा तिथेही लागतो. बहीण म्हणते गाडी ठेवा, आई म्हणते विका. अण्णा दोघींचे ऐकतात आणि बॉनेट उघडून उभे राहतात.

वेल्डिंगवाल्याने मार्च अखेरची वेळ दिली आहे. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मी भरून कपाटात ठेवला आहे. त्यावर अण्णांची सही व्हायची आहे.