तंबाखूची तलफ आणि पायांची चाल

तीस वर्षें मुलांना व्यसनाचे दुष्परिणाम शिकविणाऱ्या या मास्तराच्या खिशांत मात्र तंबाखूची चंची असे! ती सुटली ती उपदेशानें नव्हे, चालण्यानें. तलफ ही लाटेसारखी असते. उठते, चढते आणि बहुधा कांहीं मिनिटांत ओसरते. अशा वेळीं दहा मिनिटें झपाझप चालल्यास निकोटिनची ओढ मंदावते, असें प्रयोगांतही आढळलें आहे. हा उतारा तात्पुरता खरा. म्हणून तलफ पुन्हां उठली कीं आपणही पुन्हां उठावें. अतिमद्यपीनें मात्र दारू एकाएकीं तोडूं नये; कंप, झटके येऊन प्राणावर बेतूं शकतें. त्यानें आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मग व्यायाम. माझी चंची आज रिकामी आहे. चपला तेवढ्या वर्षांत दोनदां झिजतात.