लाइट गेली, नियम राहिले पाहिजेत

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. तिथलं नेटवर्क मी सांभाळते. बाहेरून आलेली इंटरनेटची लाइन डेबियन लिनक्सच्या एका जुन्या संगणकातून पुढे जाते. बाहेरून कुणाला आत घ्यायचं ते त्याची फायरवॉल ठरवते. ट्रॅफिक शेपिंग वेगाची वाटणी करतं, म्हणजे एकाने मोठा व्हिडिओ उतरवायला घेतला तरी दुसरीचा ऑनलाइन सराव पेपर अडत नाही.

आमच्याकडे लाइट जाते आणि इन्व्हर्टर दरवेळी तग धरतोच असं नाही. टाइप केलेला नियम लगेच लागू होतो, पण तो असतो फक्त चालू मेमरीत. संगणक बंद झाला की पुसला जातो. पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्सची फायरवॉल सगळ्यांना मोकळीक देते, आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. म्हणूनच मला हे धोक्याचं वाटतं.

फायरवॉलचा उपाय सोपा आहे. सगळे नियम एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या फाइलमध्ये लिहायचे आणि एनएफटेबल्सची सेवा कायमची चालू करून ठेवायची. जुनी आयपीटेबल्स वापरणाऱ्यांसाठी आयपीटेबल्स-परसिस्टंट हे पॅकेज आहे. त्यात आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांच्या फाइली वेगळ्या असतात. दुसरी रिकामी राहिली, तर तेवढी वाट उघडी राहते.

शेपिंगच्या 'टीसी' या आज्ञेला मात्र 'सेव्ह' नाही. शिवाय ते नियम नेटवर्कच्या पोर्टला बांधलेले असतात, पोर्ट तयार झाल्याशिवाय लागतच नाहीत. फायरवॉल नेटवर्कच्या आधी उभी राहायला हवी, शेपिंग पोर्टच्या नंतर. मी शेपिंगचं काम नेटवर्क सांभाळणाऱ्या सिस्टमडी-नेटवर्कडी या सेवेवर सोपवलं आहे. तिच्या फाइलमध्ये 'केक' ही शेपिंगची पद्धत निवडून वेगाची मर्यादा लिहिली, की पोर्ट येताच ती लागू होते. 'केक' २०१८ पासून लिनक्समध्येच आहे. मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी, नाहीतर रांग आपल्याकडे न लागता पुरवठादाराकडे लागते आणि वाटणी आपल्या हातात राहत नाही.

बदल केला की अभ्यासिका बंद असताना संगणक मुद्दाम रीस्टार्ट करावा आणि फायरवॉल व शेपिंग या दोन्हींच्या नियमांच्या याद्या तपासाव्यात. फाइलमध्ये लिहिलेले नियम माझ्यानंतर येणाऱ्यालाही वाचता येतात. सार्वजनिक संस्थेचं काम कुणा एकाच्या आठवणीवर चालू नये.